रौप्यपदक ते रॅम्प: घोडा थेरपिस्ट कसा झाला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना सुटलेले एक-दोन मुद्दे लिहिताना भरले आहेत, बाकी सगळं तसंच.

हेलसिंकी, १९५२ म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं, खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज त्याच ऑलिंपिकमधल्या आणखी एका पदकाची गोष्ट सांगायची आहे. खाशाबांच्या पदकानंतर काही दिवसांतच डेन्मार्कच्या ३१ वर्षांच्या एका बाईनं घोडेस्वारीत रौप्यपदक जिंकलं. तिचं नाव लिस हार्टेल. तिला स्वतःहून घोड्यावर चढता येत नव्हतं आणि उतरताही येत नव्हतं. गुडघ्याखाली तिचे दोन्ही पाय लुळे होते.

आज जगभरात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली हजारो मुलं दर आठवड्याला घोड्यावर बसतात, आणि ती हौस म्हणून नाही, तर उपचाराचा किंवा शिक्षणाचा भाग म्हणून. ही गोष्ट सांगताना लिस हार्टेलचं नाव हमखास येतं. पण मला जास्त इंटरेस्ट आहे तो पदकानंतरच्या भागात. एका बाईला जे जमलं, ते गावोगावच्या मुलांपर्यंत पोचलं कसं? आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, डेमो चालणं वेगळं आणि तीच गोष्ट हजारो लोकांसाठी रोज चालणं वेगळं. इथेही तेच आहे.

आधी नियम, मग घोडा

लिस हार्टेलचा खेळ होता ड्रेसाज. यात शर्यत नसते, उड्या नसतात. स्वारानं अगदी बारीक इशारे द्यायचे आणि घोड्यानं ठरलेल्या चाली, वळणं, थांबणं, तिरकं चालणं हे सगळं नेमकेपणानं करून दाखवायचं. बघणाऱ्याला वाटावं की घोडा आपल्या मनानंच करतोय.

१९५२ पर्यंत ऑलिंपिकमधली घोडेस्वारी म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांचा मामला होता. बायकांना प्रवेश नव्हताच, पण साध्या सैनिकालाही नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ड्रेसाज संघानं सुवर्ण जिंकलं. त्यांचा एक स्वार, गेनाल पेर्सन, मुळात सार्जंट होता. त्याला स्पर्धेपुरतं अधिकारी केलं आणि स्पर्धा संपल्यावर थोड्याच दिवसांत परत सार्जंट! हे बाहेर आलं, आणि पुढच्या वर्षी अख्ख्या संघाचं सुवर्ण काढून घेतलं गेलं. घोडा तोच, माणूस तोच, कामगिरी तीच. फक्त खांद्यावरची पट्टी वेगळी.

१९५२ ला नियम बदलला. सामान्य नागरिक आले, सार्जंट आले, आणि ड्रेसाजमध्ये बायकाही आल्या. चार बायका उतरल्या, त्यातली एक लिस हार्टेल. (तोच पेर्सन या वेळी सार्जंट म्हणूनच खेळला आणि स्वीडननं पुन्हा सांघिक सुवर्ण जिंकलं.)

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की लिसची जिद्द नियम बदलण्याआधीही तितकीच होती. १९४७ मध्येच ती स्कॅन्डिनेव्हियन स्पर्धेत दुसरी आली होती. पण कागदावरचा नियम बदलेपर्यंत ऑलिंपिकचं फाटक तिच्यासाठी बंदच होतं.

पोलिओ आणि जुबिली

१९४४ मध्ये लिसला पोलिओ झाला. वय २३, आणि पोटात दुसरं बाळ. जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं. आधी हात उचलायला शिकणं, मग रांगणं, मग कुबड्या. बाळ सुखरूप जन्मलं. मांड्यांच्या आणि हातांच्या स्नायूंमध्ये काही ताकद परत आली, गुडघ्याखाली मात्र आली नाही. तरी ती घोड्यावर परतली.

ड्रेसाजमध्ये पायांचा दाब हा मुख्य इशारा असतो. तो तिच्याकडे नव्हता. मग तिनं आणि तिच्या जुबिली नावाच्या घोडीनं दुसरी भाषा तयार केली. पाठीचा किंचित कल, कमरेचं वजन इकडून तिकडे, श्वास. घोडी ते ओळखायला शिकली.

हेलसिंकीत सुवर्ण मिळालं स्वीडनच्या आंरी सें सिरला, रौप्य लिसला. पदकं देताना सें सिरनं तिला हात देऊन विजयमंचावर चढायला मदत केली, ही आठवण ऑलिंपिकच्या इतिहासात आजही सांगतात. १९५६ मध्ये पुन्हा तीच जोडी, पुन्हा त्याला सुवर्ण आणि तिला रौप्य.

आता या दृश्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. चित्र सुंदर आहे, पण त्यात एक भला माणूस वेळेवर हजर आहे म्हणून ती वर चढली. तो नसता तर? पुढची सगळी कहाणी ही या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची आहे.

त्याच उन्हाळ्यात, कोपनहेगनमध्ये

लिसचं पदक जुलैच्या शेवटी आलं. ऑगस्टमध्ये तिच्याच देशाच्या राजधानीत पोलिओची भयानक साथ भडकली. कोपनहेगनच्या ब्लेग्डाम हॉस्पिटलमध्ये ऐन साथीत दिवसाला पन्नासच्या आसपास रुग्ण येत होते. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी हॉस्पिटलकडे एक 'आयर्न लंग' आणि छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रं, एवढंच होतं.

ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं मार्ग काढला. श्वासनलिकेला छेद, त्यात नळी, नळीला रबरी पिशवी, आणि ती पिशवी माणसानं हातानं दाबत राहायची. दिवसरात्र. त्यासाठी सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्यांमध्ये उभे राहिले. आजच्या आयसीयूची मुळं त्या वॉर्डात आहेत असं मानतात.

जीव वाचले, पण पुढे काय? वाचलेल्या कित्येक मुलांचे हात-पाय अधू राहिले. डेन्मार्क, नॉर्वे, ब्रिटन, अमेरिका, सगळीकडे पोलिओनंतरच्या मुलांची एक अख्खी पिढी होती आणि फिजिओथेरपिस्ट त्यांच्यासाठी नवे मार्ग शोधत होते. नेमक्या त्या वेळी लिस हार्टेलचा फोटो पेपरात आला. नॉर्वेत एका फिजिओथेरपिस्टनं पन्नासच्या दशकातच मुलांना पोनीवर बसवायला सुरुवात केली. लिसनं स्वतः आपल्या थेरपिस्टसोबत केंद्र सुरू केलं. घोड्यावरच्या उपचाराचं युरोपातलं पहिलं केंद्र म्हणून त्याचं नाव घेतात.

ब्रिटननं केलेली कंटाळवाणी, पण मोठी गोष्ट

ब्रिटनमध्ये १९६४ साली अपंग मुलांच्या पोनी रायडिंगसाठी एक ट्रस्ट निघाला. १९६५ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणचे गट एका सल्लागार मंडळाखाली आले. १९६९ पर्यंत गटांची संख्या ८० च्या घरात गेली आणि त्या मंडळाची 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' झाली. त्याच वर्षी अमेरिकेतही राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभी राहिली. मिशिगन राज्यात १९७० मध्ये चेफ सेंटर सुरू झालं, खास याच कामासाठी बांधलेलं केंद्र.

यात नाट्य काही नाही. मंडळ, सभासद, प्रशिक्षण, सुरक्षेचे नियम, विमा, घोडा निवडायची पद्धत, कोणतं मूल बसू शकतं आणि कोणतं नाही याची यादी. ऐकायलाही कंटाळा येतो. पण सें सिरच्या हाताची जागा घेणारी गोष्ट ही होती. आज अशा कुठल्याही केंद्रात गेलात तर पहिली दिसते ती उंच चौथऱ्यापर्यंत जाणारी उतरण, म्हणजे रॅम्प. व्हीलचेअर घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत वर येते आणि मूल आडवं सरकून खोगिरावर बसतं. कुणा भल्या माणसाच्या येण्याची वाट बघावी लागत नाही.

पण घोडाच का?

एपिसोड रेकॉर्ड करताना माझ्या मित्रानं विचारलं, "घोडाच का? बैल का नाही? मशीन का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे.

घोडा धीम्या चालीत चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवी अशी तिन्ही दिशांनी हलते. वर बसलेल्या माणसाच्या कमरेला जी हालचाल मिळते, ती आपण स्वतः चालताना होणाऱ्या हालचालीशी खूप मिळतीजुळती असते. मिनिटाला सुमारे १०० वेळा. ज्या मुलानं आयुष्यात कधी चार पावलं टाकलेली नाहीत, त्याच्या कमरेला आणि मेंदूला 'चालणं' म्हणजे काय याचा अनुभव मिळतो. शिवाय तोल सांभाळायला पाठीचे आणि पोटाचे स्नायू सतत काम करतात. मुलाला तो व्यायाम वाटत नाही, घोड्यावर बसणं वाटतं. हा फरक छोटा नाही. महिनोनमहिने तेच तेच व्यायाम करून कंटाळलेलं मूल ज्यांनी पाहिलंय, त्यांना तो लगेच कळेल.

इथे तीन शब्द वेगळे ठेवूया, कारण लोक ते एकमेकांत मिसळतात. 'हिप्पोथेरपी' म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्ट घोड्याची चाल उपचाराचं साधन म्हणून वापरतो. 'हिप्पो' म्हणजे पाणघोडा नव्हे बरं का, ग्रीकमध्ये 'हिप्पोस' म्हणजे घोडा! 'थेराप्युटिक रायडिंग' म्हणजे मूल घोडेस्वारी शिकतं, आणि शिकता शिकता फायदा होतो. तिसरा प्रकार घोड्यासोबत, पण जमिनीवरून. खरारा करणं, चारा देणं, लगाम धरून चालवणं. ऑटिझम असलेल्या काही मुलांची सुरुवात इथूनच होते.

पुरावा काय सांगतो? २००३ च्या एका अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेली १५ मुलं होती. काहींना ८ मिनिटं घोड्यावर बसवलं, काहींना तेवढाच वेळ एका स्थिर पिंपावर. घोड्यावरच्या मुलांच्या दोन बाजूंच्या स्नायूंमधला असमतोल कमी झाला, पिंपावरच्यांचा नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोत ऑटिझम असलेल्या १२७ मुलांचा अभ्यास झाला. १० आठवडे एका गटानं घोडेस्वारी केली. दुसरा गट त्याच आवारात घोड्यांविषयी शिकला, पण खऱ्या घोड्याऐवजी पूर्ण आकाराचा खोटा घोडा घेऊन. खऱ्या घोड्याच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, बोलण्यात शब्दही वाढले.

आता ब्रेक लावूया. १५ मुलं म्हणजे फार कमी. ८ मिनिटांचा परिणाम आठ महिने टिकतो असं त्यातून सिद्ध होत नाही. या क्षेत्रातले बरेच अभ्यास असेच छोटे आहेत. घोडा सेरेब्रल पाल्सी 'बरी' करत नाही, ऑटिझम 'घालवत' नाही. असं कुणी सांगत असेल आणि त्याचं पॅकेज विकत असेल, तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या. नेहमीच्या फिजिओथेरपीच्या आणि स्पीच थेरपीच्या जोडीला घोडा असू शकतो, त्यांच्या जागी नाही. काही मुलांना तर बसवायचंच नसतं. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून डॉक्टरांची तपासणी आधी. आटोक्यात नसलेली फिट, निखळलेला खुबा, तिथेही थांबायचं.

हाजीअलीचा रस्ता

आता आपल्याकडे येऊ. चाळीसच्या दशकात मुंबईतल्या फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारासाठी त्यांना वणवण करावी लागली. मग १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी मुंबईत संस्था उभी केली. पुढे हाजीअलीला तिचं मुलांचं हॉस्पिटल झालं. डेन्मार्कमध्ये पोलिओ झालेली आई आणि मुंबईत पोलिओ झालेल्या मुलीची आई, दोघी एकाच दशकातल्या. दोघींनी स्वतःच्या घरातलं दुखणं घराबाहेर नेऊन इतरांसाठी काहीतरी बांधलं.

आता फोनवर नकाशा उघडा आणि ते हॉस्पिटल शोधा. शेजारी काय दिसतं? महालक्ष्मी रेसकोर्स! एका बाजूला चालायला शिकणारी मुलं, दुसऱ्या बाजूला देशातले महागडे घोडे. एवढ्या जवळ असूनही आपल्याकडे घोडा म्हणजे शर्यत, लग्नाची वरात नाहीतर चौपाटीवरची चक्कर, आणि थेरपी म्हणजे ट्यूबलाइटखालची खोली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत छोटे प्रयत्न चालू आहेत, पण परभणीच्या किंवा नंदुरबारच्या मुलासाठी ते असून नसल्यासारखेच.

आणि गंमत म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातच, सारंगखेड्याला, तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. माथेरानमध्ये मोटारी नाहीत, घोड्यांवर कित्येक घरं चालतात. मराठ्यांच्या घोडदळातलं भीमथडीचं तट्टू तर इतिहासाच्या पुस्तकातच राहिलं असं वाटत होतं. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. बुटकं, काटक, खडकाळ जमिनीला सरावलेलं. मुलांच्या थेरपीला उंच, भडक डोक्याचा शर्यतीचा घोडा सहसा चालत नाही. शांत, एकसारख्या चालीचा, फार उंच नसलेला घोडा लागतो, म्हणजे शेजारून चालणाऱ्याचा हात मुलापर्यंत पोचतो. भीमथडी या कामाला कितपत योग्य आहे, हे एकेक घोडा पारखूनच ठरेल. पण पारखून बघायला हरकत काय?

विभागीय केंद्र: कागदावरचं गणित

समजा एका विभागासाठी एक केंद्र काढायचं आहे. आकडे माझे, फक्त अंदाज यावा म्हणून. एका मुलाला अर्धा तास. घोड्याला दिवसात तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, तेही मध्ये विश्रांती देऊन. म्हणजे एका घोड्यामागे दिवसाला ६ मुलं. चार घोडे, आठवड्याचे पाच दिवस, प्रत्येक मूल आठवड्यातून एकदा. झाली १२० मुलं.

छान वाटतं ना? आता माणसं मोजा. नवीन किंवा तोल नसलेल्या मुलाबरोबर एक जण घोडा धरणारा, दोन बाजूंना दोन जण आधाराला, शिवाय थेरपिस्ट. एका घोड्यामागे चार माणसं. दोन घोडे एका वेळी चालवले तर आठ. म्हणजे या केंद्रात महाग आणि दुर्मीळ गोष्ट घोडा नाही, शिकवलेली माणसं आहे. ब्रिटनच्या गटांनी हे कोडं स्वयंसेवकांवर सोडवलं. आपल्याकडे कॉलेजची एनएसएस युनिट्स आहेत, फिजिओथेरपीचे विद्यार्थी आहेत, आणि घोड्याची नस ओळखणारे मोतद्दार आहेत. कोपनहेगनमध्ये १५०० विद्यार्थ्यांनी रबरी पिशव्या दाबल्या होत्या. आठवड्याचे दोन तास घोड्याशेजारून चालणं त्यापेक्षा सोपं आहे.

मग मुलं येणार कुठून? त्याचा सांगाडा तयार आहे. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, आणि तोही आपल्या पालघरमधून. अंगणवाडीत, शाळेत तपासणी, आणि पुढे जिल्हा पातळीवरचं लवकर उपचाराचं केंद्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझम दोन्ही. घोड्याचं केंद्र या साखळीला जोडलं, तर कोणतं मूल बसेल हे डॉक्टर ठरवतील. नाही जोडलं, तर ज्यांच्याकडे गाडी आणि पैसा आहे त्यांच्यापुरता तो शनिवारचा क्लास होईल.

अडचणीचं कोडं एसटीचं आहे. फायदा व्हायचा तर दर आठवड्याला यावं लागतं. दोन एसट्या बदलून, आठ-दहा वर्षांचं मूल कडेवर घेऊन, रोजंदारी बुडवून आई किती आठवडे येईल? त्यामुळे केंद्र कुठे बांधायचं याचं उत्तर 'जिथे जागा स्वस्त' हे नसतं, 'जिथे एसटी थांबते' हे असतं. आणि येणं-जाणं खर्चातच धरलं पाहिजे, चाऱ्यासारखं.

शेवटचा मुद्दा घोड्याचा. तो दान केलेला, लंगडा, म्हातारा आहे म्हणून फुकट मिळाला, असं चालत नाही. पाठ दुखणारा घोडा वाकडा चालतो आणि तीच वाकडी चाल मुलाच्या कमरेला मिळते. त्याची विश्रांती, नाल, दात, पशुवैद्य, आणि काम थांबल्यावरची सोय, हे सगळं पहिल्या दिवसाच्या बजेटमध्ये हवं.

लिस हार्टेल २००९ मध्ये गेली. १९९६ पासून पॅरालिंपिकमध्ये घोडेस्वारी आहे. तिच्या काळी तशी वेगळी स्पर्धा नव्हती, म्हणून ती सगळ्यांबरोबर खेळली आणि दुसरी आली. तिच्यासारखी माणसं अपवादच असतात. पण रोज सकाळी शिमगा करून थेरपीला निघणाऱ्या एखाद्या सात वर्षांच्या पोराला पदक नकोच आहे. त्याला हवाय एक रॅम्प, एक शांत घोडा, शेजारून चालणारी दोन माणसं, आणि पुढच्या मंगळवारी हे सगळं पुन्हा तिथेच असेल याची खात्री.

तुमच्या भागात असं काही चालू असेल, किंवा तुम्ही फिजिओथेरपी शिकत असाल, किंवा घरी घोडे असतील, तर जरूर कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमचे अनुभव घेऊ. तोवर भेटूच!